वेचणीच्या मुलाखती आणि पाच कप्पे

सेलू, पाथरी, मानवत, जिंतूर या पट्ट्यात समाजशास्त्र, समाजकार्य किंवा ग्रामीण विकास घेऊन एम.ए. करणाऱ्यांचे लघुप्रबंध चाळायला घेतले, की विश्लेषणाचं चौथं प्रकरण न वाचताही सांगता येतं. आर्थिक समस्या, सामाजिक समस्या, शैक्षणिक समस्या, आरोग्यविषयक समस्या, कौटुंबिक समस्या. अभ्यास कापूस वेचणाऱ्या बायकांचा असो, निम्न दुधना प्रकल्पात जमीन गेलेल्यांचा असो की ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांचा, कप्पे पाचच आणि तेच. मुलाखती मात्र मन लावून घेतलेल्या असतात. उन्हातान्हात बांधावर बसून, चहा नाकारता न आल्यानं चार घरी चहा घेऊन. एवढ्या मेहनतीचं बोलणं या पाच कप्प्यांत भरलं, की कुठल्याही तालुक्यातलं, कुठल्याही सालातलं वाटायला लागतं. कप्पे मुलाखतीच्या आधीच तयार होते, म्हणून असं होतं.

हा लेख मुलाखत संपल्यापासून चौथं प्रकरण सुरू होईपर्यंतच्या कामाबद्दल आहे. उदाहरण वेचणीचंच घेऊ. दसरा-दिवाळीपासून संक्रांतीच्या पुढेपर्यंत इथलं निम्मं बोलणं कापसाभोवती फिरतं, त्यामुळे तो विषय निवडणारे विद्यार्थी दरवर्षी असतातच.

सुरुवात कंटाळवाण्या कामानं. प्रत्येक मुलाखतीला क्रमांक द्या आणि नाव लगेच बदला. खरं नाव आणि क्रमांक यांची यादी वेगळ्या वहीत, घरी. गाव लहान असेल तर नाव बदलून भागत नाही. ‘माजी सरपंचाची धाकटी सून, अंगणवाडीत मदतनीस’ एवढं लिहिलं की वालूरचा माणूस वालूरमधली बाई ओळखणारच. असे तपशील विश्लेषणाला लागत नसतील तर पुसट करा. आणि फाइलवर नुसतं ‘सेलू’ लिहू नका, ‘सेलू-परभणी’ लिहा. वर्धा जिल्ह्यातही सेलू तालुका आहे आणि तिथेही कापूसच पिकतो. उद्या तुमची सामग्री कुणी दुसऱ्या अभ्यासाशी जोडली, तर हा गोंधळ निस्तरता निस्तरणार नाही.

मग मुलाखत उतरवणं. तासाभराच्या रेकॉर्डिंगला चार ते सहा तास धरा. मोबाइलचं बोलून टायपिंग मदतीला घ्यायला हरकत नाही, पण ते आपल्या भागातलं बोलणं गुपचूप पुस्तकी करून टाकतं. ‘कामून’चं ‘का’ होतं, ‘लई’चं ‘खूप’ होतं, आणि ‘गुत्त्यानं’ हा शब्द तर त्याला बहुतेक वेळा ऐकूच येत नाही. मराठवाड्यात गुत्तं आणि गुत्तेदार म्हटल्यावर जे कामाचं नातं डोळ्यांपुढे येतं, ते ‘कंत्राटी पद्धत’ म्हटल्यावर येत नाही. म्हणून यंत्रानं उतरवलेलं पुन्हा ऐकत ऐकत दुरुस्त करा. बोलणारी बाई थांबली कुठे, हसली कुठे, मधेच आवाज कुठे उतरवला, हेही कंसात नोंदवा. जवळ कोण बसलं होतं, हे सगळ्यात आधी. सासू उंबऱ्यावर बसलेली असताना सांगितलेलं आणि ती पाणी आणायला उठल्यावर सांगितलेलं, हे एकाच मुलाखतीतलं असलं तरी एका तोलाचं नसतं.

टायपिंग युनिकोडमध्येच करा. गावातल्या टायपिंग सेंटरवर अजून जुन्या फाँटांत काम होतं. कागदावर ते सुंदर दिसतं, पण ‘काटा’ हा शब्द सगळ्या मुलाखतींत शोधायला जाल तेव्हा काहीच सापडणार नाही.

आता एक तुकडा घेऊ. तो मी समजावण्यासाठी रचलेला आहे, कुणा खऱ्या बाईचा नाही. पण वेचणीच्या शेतात बसून ज्यांनी दोन दुपारी ऐकलंय, त्यांना तो परका वाटणार नाही.

“सकाळी सातला निघावं लागतंय. ऑटो मालकच लावून देतो. पर काटा त्याच्या घरी. आमी काई बोलत नाई, जेवढं त्यो सांगल तेवढं. मागल्या साली बोंडं बारीक होती, किलोनं परवडंना, मग रोजानं गेलो. ह्ये म्हणले, कामून जाती? पर पोरीला परभणीला खोली करून द्यायची होती. मी म्हणलं, तुमच्या कापसाला भाव येईपस्तोर पोरगी घरी बसंल का?”

पाच कप्पेवाला विद्यार्थी इथे काय करील? मजुरी कमी, म्हणून आर्थिक. मुलीचं शिक्षण, म्हणून शैक्षणिक. नवऱ्याचा विरोध, म्हणून कौटुंबिक. तीन खुणा आणि पुढची मुलाखत. एका मिनिटात सगळं हातून निसटलं.

त्याऐवजी ओळीओळीला थांबा आणि समासात एवढंच लिहा, की ती इथे काय करते आहे. नाम टाळा, क्रियापद वापरा. कॅथी चारमाझ या समाजशास्त्रज्ञ बाईंनी कोड कृतीच्या रूपात लिहायचा आग्रह धरला होता, आणि मराठीला हे फार सोपं जातं, कारण आपल्याकडे ‘-णं’ हाताशी आहे. ‘मालकानं वाहन पुरवणं.’ ‘वजन डोळ्यांआड होणं.’ ‘वजनाबद्दल गप्प राहणं.’ ‘बोंड पाहून किलो की रोज ठरवणं.’ ‘नवऱ्याला मुलीच्या शिक्षणाचं कारण देणं.’ कोड म्हणजे एवढंच, मजकुराच्या तुकड्याला दिलेलं छोटं नाव, ज्याच्या आधारे तसलेच दुसरे तुकडे शोधता येतील. ‘मजुरीचे प्रश्न’ हा कोड कुठल्याही तुकड्याला लागेल, म्हणून तो निकामी. ‘बोंड पाहून किलो की रोज ठरवणं’ मोजक्याच ठिकाणी लागेल, आणि जिथे लागेल तिथे ती बाई असहाय मजूर नसून हिशेब करणारी कामगार म्हणून दिसेल. ‘समस्या’ शोधायला निघालेल्याला हे दिसत नाही.

काही वेळा तिचाच शब्द उचलून कोड करावा. ‘काटा त्याच्या घरी’ हे चार-पाच जणींच्या तोंडून जवळपास तसंच आलं, तर त्याला आपण ‘वजनमापातील अपारदर्शकता’ असं नाव देऊन काय मिळवणार? तिच्या शब्दात जागा आहे, मालकी आहे आणि तक्रारही आहे. पण सगळेच कोड तिच्या शब्दांत ठेवायचा हट्टही नको. मग शंभर चिठ्ठ्या होतात आणि दोन चिठ्ठ्या एकमेकींशी बोलत नाहीत.

त्या तुकड्यातली सगळ्यात किमती गोष्ट अजून राहिली. ‘तुमच्या कापसाला’. घरचा कापूस आहे, म्हणजे ती भूमिहीन नाही. तरी दुसऱ्याच्या रानात वेचायला जाते, आणि घरच्या पिकाला नवऱ्यासमोर ‘तुमचा’ म्हणते. पहिल्या वाचनात हे सुटतं. म्हणून प्रत्येक मुलाखत निदान दोनदा कोड करा, मधे आठवडाभर जाऊ द्या. दुसऱ्या खेपेला असं काही दिसलं की कोड देण्याआधी बाजूला चार ओळींचं टिपण लिहा: हे मला का खटकलं, आणखी कुणाच्या बोलण्यात होतं, विरुद्ध कुणी बोललं का. टिपणावर तारीख घाला. शेवटी प्रबंधात टिकतात त्या कल्पना बहुतेक या टिपणांतूनच आलेल्या असतात. कोडांची यादी मागे राहते.

पहिल्या तीन-चार मुलाखती असं मोकळेपणानं कोड केल्या, की थांबून कोडवही करा. प्रत्येक कोडाचं नाव, दोन वाक्यांत अर्थ, कुठे लावायचा, कुठे लावायचा नाही, आणि एक नमुना. ‘कुठे लावायचा नाही’ हा रकाना सगळे रिकामा सोडतात, आणि खरी भांडणं तिथेच होतात. ‘गप्प राहणं’ हा कोड घ्या. बाई वजनाबद्दल मालकापुढे बोलत नाही, तिथे तो लागतो. पण मुलाखतीत तुमच्या प्रश्नावर ती गप्प बसली, तर? ती वेगळी शांतता आहे. तिथे अडचण तिला तुमची आहे. दोन्ही एका कोडाखाली टाकलं तर पुढे सगळं विश्लेषण तिरपं जाईल.

कप्पे आधी करायचेच नाहीत का? करावे लागतात, आणि त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच भागात आहे. शेतकरी आत्महत्येनंतर घरी येणारी शासकीय चौकशी म्हणजे एका अर्थी मुलाखतच. मदतीसाठी प्रकरण पात्र की अपात्र, हे ठरवताना नापिकी, बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज आणि परतफेडीचा तगादा ही कारणं पाहिली जातात. 2005च्या डिसेंबरातल्या आणि 2006च्या जानेवारीतल्या शासन निर्णयांनी एक लाखाच्या मदतीची जी चौकट घातली, तिच्यातून हे आलं. प्रशासनाला पैसे द्यायचे की नाही हे ठरवायचं असतं, त्याला ठरलेले कप्पे लागणारच. त्यात मला गैर वाटत नाही. गडबड होते ती संशोधक तोच तक्ता उचलून ‘आत्महत्येची कारणे’ म्हणून छापतो तेव्हा. तो तक्ता मदतीच्या निकषांचा आहे. विनापरवाना सावकाराचं, किंवा मेहुण्याकडून घेतलेलं उसनं त्याच्या दारातूनच आत येत नाही.

याउलट इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतल्या श्रीजित मिश्रा यांनी राज्य शासनासाठी 2006 साली केलेला अभ्यास पाहा. तिथे एकाच घरात कर्ज, घसरलेली आर्थिक स्थिती, घरातले वाद, नापिकी अशी अनेक कारणं एकत्र नोंदवली आहेत. त्यामुळे टक्केवाऱ्यांची बेरीज शंभराच्या बरीच वर जाते, आणि तेच बरोबर आहे. विद्यार्थ्यांना ही बेरीज पाहून घाम फुटतो. एका तुकड्याला तीन कोड लागले तर तिन्ही लावा. कुठलं कारण ‘मुख्य’ हे ठरवायची घाई करू नका, आणि बारा-पंधरा मुलाखतींवरून टक्केवारी तर काढूच नका. ‘पंधरापैकी नऊ जणी’ एवढं लिहिलं तरी पुरतं. तेही का लिहितो आहोत हे ठाऊक असेल तरच.

आता अवघड टप्पा. साठ-सत्तर कोड झाले. सारखे जवळ आणा, वर्ग करा, वर्गांतून आशयसूत्रं काढा, असं प्रत्येक पुस्तक सांगतं. बार्नी ग्लेझर आणि अँसेल्म स्ट्रॉस यांनी कॅलिफोर्नियातल्या रुग्णालयांत मरणाच्या दारातल्या रुग्णांचा अभ्यास केला आणि 1967 साली त्या अनुभवावरून पद्धतीचं पुस्तक लिहिलं. तुकड्याशी तुकडा सतत ताडून पाहणं, हा त्यातला सगळ्यात कामाचा सल्ला. तो इथे वापरायचा. किलोवर जाणारीचा तुकडा रोजावर जाणारीच्या शेजारी ठेवा. ज्या गावात काटा शेतावरच होतो तिथली बाई आणि जिथे मालकाच्या घरी होतो तिथली बाई, दोघी शेजारी ठेवा. फरक कशानं पडतो हे विचारा. 2022च्या सुरुवातीला कापूस क्विंटलला दहा हजारांवर गेला होता, तेव्हाच्या आठवणी एका बाजूला घ्या. 2017ला गुलाबी बोंडअळीनं पीक खाल्लं, तेव्हाच्या दुसऱ्या बाजूला. भाव चढला तेव्हा वेचणीचा दर चढला का, हा प्रश्न तुमच्या प्रश्नावलीत नसेल, पण दोन तुकडे शेजारी आले की तो आपोआप उभा राहील.

ढीग करायला कागद आणि जमीन यासारखं साधन नाही. मुलाखतींच्या छापील प्रती कापा, प्रत्येक चिठ्ठीवर मुलाखत क्रमांक आणि ओळ क्रमांक असल्याची खात्री करा, आणि खोलीभर पसरा. पंखा बंद ठेवा.

वर्ग कुठे संपतो आणि आशयसूत्र कुठे सुरू होतं? माझी कसोटी साधी आहे. नाव वाचून कुणाला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणता येत नसेल, तर तो अजून वर्गच आहे. ‘मजुरी’ म्हटल्यावर कुणी वाद घालू शकत नाही. ‘वजन मालकाच्या हाती असलं, तरी कोणत्या बोलीवर जायचं हे बायका आपल्या हाती ठेवतात’ म्हटल्यावर वाद घालता येतो, पुरावा मागता येतो, एखादी मुलाखत पुढे करून ते खोडताही येतं. ते आशयसूत्र. तसंच ‘घरचं पीक नवऱ्याचं आणि बाहेरची मजुरी आपली, अशी वाटणी बायका बोलण्यातून करतात’. ‘तुमच्या कापसाला’ या दोन शब्दांपासून निघालेलं टिपण इथवर आलं, तर चौथ्या प्रकरणाचा एक भाग उभा राहिला. व्हर्जिनिया ब्रॉन आणि व्हिक्टोरिया क्लार्क यांचा आशयसूत्र-विश्लेषणावरचा 2006चा लेख आज जगभर उद्धृत होतो. नुसत्या विषयाखाली सगळी उत्तरं गोळा करायची आणि त्याला आशयसूत्र म्हणायचं, या सवयीवर त्यांनी पुढे वारंवार टीका केली. पाच कप्प्यांची सवय परभणीचीच नाही, एवढा दिलासा घ्या. आणखी एक गोष्ट त्या बजावतात: ‘आशयसूत्रे उदयास आली’ असं लिहू नका. ती उगवत नाहीत, तुम्ही घडवलेली असतात. कशी घडवली ते लिहा.

सूत्र ठरलं की त्याच्याविरुद्ध साक्ष शोधायला लागा. एखादी बाई सरळ म्हणते, “कापूस माझाच हाय, पेरणीपासून मीच बघते,” तर ती मुलाखत गैरसोयीची म्हणून परिशिष्टात ढकलू नका. नवरा पुण्याला कंपनीत कामाला असेल, सातबारा तिच्या नावावर असेल, ती विधवा असेल. तिच्यामुळे तुमचं सूत्र पडत नाही. ते कुठवर खरं आहे हे कळतं. अशी एकही मुलाखत नसेल तर मला उलट शंका येते की निवड एकाच वस्तीतून झाली. वेचणीच्या टोळ्या वाड्यावस्त्यांनुसार, जातीनुसार बनतात. एका ऑटोत बसणाऱ्या सगळ्या जणींच्या मुलाखती घेतल्या तर त्या एकमेकींशी जुळणारच.

वर्गीकरण किती मोठं होऊ शकतं आणि तरी माणूस हरवत नाही, हे पाहायचं असेल तर जात्यावरच्या ओव्यांकडे या. गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्यांचं विषयवार वर्गीकरण केलं, आणि पुढे बर्नार्ड बेल यांच्या मदतीनं त्याचा संगणकीय साठा तयार झाला. आज ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाच्या संकेतस्थळावर त्या वाचता-ऐकता येतात, त्यात परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्याही आहेत. दळताना बाई विषयवार गात नाही. सीतेवरून भावावर, भावावरून पावसावर जाते. वर्गवारी अभ्यासकांची. पण ओवीपाशी गाणारीचं नाव आणि गाव असतं, त्यामुळे कप्प्यातून मागे तिच्या दारापर्यंत जाता येतं. तिथे नाव देणं हा मान आहे, मुलाखतीत नाव लपवणं हे कर्तव्य. मागे जाण्याची वाट मात्र दोन्हीकडे लागते. तुमच्या प्रत्येक चिठ्ठीवर क्रमांक हवा तो यासाठीच.

सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात. एनव्हिवो आणि अ‍ॅटलस महाग आहेत. टॅगेट आणि क्वालकोडर फुकट आहेत आणि देवनागरी युनिकोड चालवतात. वीसेक मुलाखतींना एक्सेलही पुरतं: एका ओळीत एक तुकडा, बाजूला क्रमांक, गाव, कोड, टिपण. सॉफ्टवेअर चिठ्ठ्या सांभाळतं, विचार करत नाही. हल्ली मुलाखत यंत्राला देऊन ‘यातली सूत्रं काढ’ म्हणायची सोय झाली आहे. तसं करून पाहा. बहुतेक वेळा पाच कप्पेच परत येतील, जरा चांगल्या भाषेत. शिवाय त्या बाईनं संमती तुम्हाला दिली होती. तिचं बोलणं बाहेरच्या कुठल्या यंत्राला देता येईल का, हे तिला विचारलं होतं का?

मार्गदर्शक कधीकधी दोन कोडकऱ्यांमधल्या जुळणीचा आकडा मागतात. जेकब कोहेन यांचा कॅप्पा 1960पासून त्यासाठी वापरात आहे. मागितला तर काढून द्या. पण त्याहून उपयोगी म्हणजे वर्गातल्या मैत्रिणीला कोडवही आणि दोन कोऱ्या मुलाखती द्या, तिनं स्वतंत्र कोड केल्यावर समोरासमोर बसा. मैत्रीण शेतकरी मालकाच्या घरातली असेल आणि तुम्ही वेचणाऱ्यांच्या घरातले, किंवा उलट, तर आणखी चांगलं. ‘गप्प राहणं’ला ती ‘विश्वास ठेवणं’ म्हणाली, तर तिला चूक ठरवण्याआधी रेकॉर्डिंग पुन्हा ऐका.

मुलाखती कधी थांबवायच्या? नवी मुलाखत कोडवहीत नवं पान घालीनाशी झाली आणि जुन्या कोडांचा अर्थही हलवीनाशी झाली, की. त्यासाठी कोडिंग मुलाखतींबरोबरच चालू हवं. सगळ्या मुलाखती दिवाळीत आणि सगळं कोडिंग परीक्षेच्या तोंडावर, असं केलं तर हे कधीच कळत नाही, आणि राहिलेला प्रश्न विचारायला जावं तर शेतात पऱ्हाटी उपटलेली असते.

लिहिताना तिचं बोलणं शुद्ध करू नका, पण गंमत म्हणून गावरानही करू नका. ‘हाय’ आणि ‘नाई’ तिच्या तोंडी जसं होतं तसं. मालकाचं बोलणं प्रमाण मराठीत आणि मजूर बाईचं तेवढं बोलीत, असं तर अजिबात नको. मालकही घरी तसंच बोलतो.

मसुदा झाला की सूत्रं घेऊन परत जा. ऐन वेचणीत नको, तेव्हा कुणालाच उसंत नसते. फेब्रुवारी संपता संपता जा. प्रकरण वाचून दाखवू नका, तीन-चार वाक्यांत तोंडी सांगा: आम्हाला असं वाटलं, तुम्हाला काय वाटतं? कुणी म्हणेल, “तसं नाई बाई, आमी काट्याचं बोलत नाई ते भिऊन नाई, फुडल्या साली त्यानंच बोलवावं म्हणून.” परवानगी घेऊन तेही रेकॉर्ड करा, उतरवा, त्याला पुढचा मुलाखत क्रमांक द्या, आणि कोडवहीत ‘गप्प राहणं’चं पान उघडा.